‘लॅनार्क’: आठ महिने, दोन वाचनं आणि स्क्रीनवर मोडणारा उपसंहार

अॅलस्डेअर ग्रे यांची ‘लॅनार्क’ ही कादंबरी स्क्रीनवर वाचायला घेऊ नका. आठ महिने आणि दोन पूर्ण वाचनांनंतर पहिलं सांगायचं ते हेच. ई-पुस्तक स्वस्त पडतं म्हणून घेतलं, की शेवटी कागदी प्रतीचेही पैसे मोजावे लागतात. चाळीस प्रकरणं सुरळीत जातात. मग उपसंहार येतो आणि पानाची मांडणीच कोसळते.

छापील पानावर या उपसंहारात तीन गोष्टी एकाच वेळी चालू असतात. मधल्या मजकुरात कादंबरीचा नायक लॅनार्क आणि त्याला लिहिणारा नास्टलर यांचं बोलणं. समासात बारीक टाइपात वाङ्मयचौर्याची सूची: कुठल्या लेखकाचं काय, कुठे आणि कशा प्रकारे उचललंय त्याची नोंद. आणि तळाशी एका काल्पनिक टीकाकाराच्या टिपा. नास्टलर आपल्या कलाकृतीबद्दल मोठ्या तोंडानं बोलत असतो आणि त्याच पानावर खालून टीपकार त्याच्या दाव्यांवर बोट ठेवतो, बाजूनं सूची त्याच्या उसनवारीचा हिशेब मांडते. डोळा मधून बाजूला, बाजूहून खाली असा फिरतो, आणि ही ओढाताण म्हणजेच उपसंहार. स्क्रीनवर अक्षर मोठं केलं की ओळी वाहत जातात आणि समास उरतच नाही. तिन्ही गोष्टी एकीमागून एक रांगेत येतात. तेवढ्यावरून बऱ्याच वाचकांचं मत होतं की लेखकानं इथे उगाच पांडित्य दाखवलंय. समोर आलं ते पाहता त्यांची चूक नाही.

सूची तर पुन्हा पुन्हा उघडावी अशी आहे. चोरीचे तीन प्रकार केलेत: सलग तुकडाच्या तुकडा उचललेला, आपल्या मजकुरात बेमालूम रुजवलेला, आणि वास यावा इतपत सगळीकडे पसरलेला. अमेरिकी निबंधकार एमर्सनच्या नावापुढे एवढीच नोंद आहे की त्याचं काहीही चोरलेलं नाही. काही नोंदी पुस्तकात नसलेल्या प्रकरणांकडे पाठवतात. प्रकरणं चव्वेचाळीसच आहेत. तेव्हा पुढची प्रकरणं शोधत बसू नका आणि आपल्या प्रतीत पानं कमी आलीत म्हणून विक्रेत्याशी भांडूही नका.

क्रमाबद्दल वाचकांत कायम वाद होतो. पुस्तक तिसऱ्या खंडानं सुरू होतं, मग प्रोलॉग, पहिला खंड, मध्यंतर, दुसरा खंड आणि शेवटी चौथा. खंडांचे आकडे पाहून पुष्कळजण शहाणपणानं १-२-३-४ असं वाचायचं ठरवतात. तसं करू नका. खंडांचे आकडे उलटसुलट असले तरी प्रकरणांचे आकडे छापील क्रमानंच जातात: तिसऱ्या खंडात १ ते ११, पहिल्यात १२ ते २०, दुसऱ्यात २१ ते ३०, चौथ्यात ३१ ते ४४. लेखकाला अभिप्रेत वाचनक्रम कुठला, हे तिथेच कळतं. वाचायचं एका क्रमानं आणि नंतर मनात लावायचं दुसऱ्या क्रमानं, असा हिशेब नास्टलर उपसंहारात स्वतःच मांडतो आणि होमर, व्हर्जिल, मिल्टन यांनीही हेच केलं असं बजावतो. खुद्द उपसंहार चाळिसाव्या प्रकरणानंतर येतो, म्हणजे त्यापुढे अजून चार प्रकरणं उरतात. कादंबरी संपली समजून तिथे पुस्तक मिटणारेही भेटतात.

पहिल्या वाचनानंतर मी पाचपैकी तीन तारे दिले होते. तक्रार अशी होती, की अकरा प्रकरणं अनथँक नावाच्या जवळजवळ सूर्यहीन शहरात फिरवून, माणसांच्या अंगाला ड्रॅगनची कातडी फुटताना दाखवून, एका पोरीच्या तळहातावरच्या तोंडातून दुसऱ्याचा आवाज ऐकवून, लेखक मधेच सगळं सोडतो आणि डंकन थॉ नावाच्या मुलाचं ग्लासगोतलं बालपण सांगायला बसतो. त्याचा दमा, त्याचं इसब, आईचं आजारपण, आर्ट स्कूल, चर्चमधलं कधी पूर्ण न होणारं भित्तिचित्र. अद्भुताच्या ओढीनं आलेले बहुतेक वाचक इथेच गळतात. वास्तववादी कादंबरीचे वाचक नेमके उलट बोलतात: थॉचे दोन खंड अस्सल आणि बाकी गोंधळ.

माझं मत आता बदललंय. दुसऱ्या वाचनात इसब आणि ड्रॅगनहाइड शेजारी ठेवून पाहिलं. थॉची कातडी खाजते, सोलते, आणि तो माणसांपासून आक्रसत जातो. लॅनार्क म्हणजे थॉचंच पुढचं आयुष्य; अनथँकमध्ये त्याच्या हातावर तीच कातडी कठीण कवच होते, पंजाला नख्या येतात. पुढे तो ‘संस्था’ नावाच्या इस्पितळात पोचतो; तिथले डॉक्टर सांगतात की जी माणसं आतली ऊब कुणाला देत नाहीत, त्यांच्यावर हे कवच चढतं. ऊब आत साठत जाते आणि शेवटी माणूस फुटतो. संस्था त्या उष्णतेवर चालते आणि ज्यांना बरं करता येत नाही त्यांचं अन्न बनतं. हे सगळं इतक्या शांत, कार्यालयीन सुरात सांगितलंय की वाचकाच्या पोटात गोळा येतो. अनेकांनी याच पानांवर पुस्तक बंद केलेलं आहे. पण थॉचे दोन खंड नसते, तर ही निव्वळ किळस राहिली असती. ते वाचल्यावर कळतं की ही एका मुलाच्या अंगावरची खरी खाज आहे, पूर्ण शहराएवढी वाढवलेली. लॅनार्क एका पूर्ण ड्रॅगन झालेल्या रुग्णापुढे बसून तिला पुस्तक वाचून दाखवतो, दुसरं काहीच करता येत नाही म्हणून, आणि कवच फुटून आतून त्याची प्रेयसी रीमा निघते. तो प्रसंग दुसऱ्या वाचनात फार आत गेला.

अॅलस्डेअर ग्रे यांना स्वतःला दमा आणि इसब दोन्ही होतं, ते ग्लासगोच्या रिड्री भागात वाढले आणि ग्लासगो स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. कादंबरीची सुरुवात विद्यार्थिदशेतली, प्रकाशन १९८१ मधलं. म्हणजे सुमारे तीन दशकं हे काम चालू होतं, आणि थॉच्या भागातली एकेक गल्ली त्या मुदतीत घोटलेली आहे.

मात्र काही तक्रारी दुसऱ्या वाचनातही टिकल्या. रीमाला स्वतःचं असं आयुष्य फार कमी मिळतं. ती बहुधा लॅनार्कच्या गरजेपुरती येते आणि चिडून निघून जाते. थॉची स्त्रियांकडे पाहण्याची नजरही वाचायला जड जाते. लेखकाला ते ठाऊक आहे असं म्हणून वाचक सोडून देतात, पण ठाऊक असल्यानं पानं हलकी होत नाहीत. चौथ्या खंडातल्या सभा, समित्या आणि कंपन्यांचं राजकारण ताणलेलं आहे. तिथे वेग वाढवला तरी फारसं काही हुकत नाही. काळाचा हिशेब मांडायला तर बसूच नका. लॅनार्क आणि रीमा एका अशा प्रदेशातून चालत जातात जिथे पंचांगच चालत नाही; गरोदरपण भराभर पुढे सरकतं, मुलगा बघता बघता मोठा होतो, लॅनार्क म्हातारा होतो. वर्षं मोजणारे वाचक तिथे हमखास अडकतात.

घेताना प्रत हातात धरून तपासा. आधी उपसंहार उघडा: समासातली सूची सहज वाचता येते का, आणि आतल्या बाजूच्या ओळी शिवणीत गडप होत नाहीत ना. मग प्रत्येक खंडाचं चित्रमय मुखपान बघा. ती चित्रं ग्रे यांनी स्वतः काढलीत आणि चौथ्या खंडाचं तर तत्त्वज्ञ हॉब्जच्या ‘लेव्हायथन’ या ग्रंथाच्या मुखचित्रावर बेतलंय. बारीक रेघा काळ्या डागासारख्या उमटल्या असतील, तर ती प्रत नको. साडेपाचशेच्या पुढे पानं आहेत आणि मागेपुढे सतत उलटावं लागतं, त्यामुळे पाठ घट्ट हवी. जुनी प्रत घ्यायलाही हरकत नाही, फक्त उपसंहारात कुणी पेनानं समास भरलेले नसावेत.

वाचताना दोन खुणा ठेवा, एक चालू पानावर आणि एक थॉच्या भागात. उपसंहार तीन फेऱ्यांत वाचा. पहिल्यांदा फक्त मधला मजकूर, दुसऱ्यांदा तळटिपांसह, आणि सूची शेवटी, पेन्सिल हातात घेऊन. पहिल्या फेरीनंतर लगेच, त्याच बैठकीत ४१ वं प्रकरण सुरू करा. नास्टलरनं कथेचा शेवट लॅनार्कला नुकताच सांगितलेला असतो, आणि लॅनार्कला अलेक्झांडर नावाचा मुलगा आहे हे त्या लिहिणाऱ्यालाच माहीत नसतं. पुढच्या चार प्रकरणांत त्यानं सांगितलेला शेवट जसाच्या तसा येत नाही. कुठे फरक पडतो, हे त्याचं बोलणं कानात ताजं असतानाच पकडता येतं. दोन दिवसांचा खंड पडला की ते हातून निसटतं.

आता साडेचार तारे. अर्धा रीमासाठी कापलाय.