इतिहास की पुरातत्त्व? पदवीचा विषय निवडताना

माझ्या भाचीला जुन्या काळाची ओढ आहे, पण पदवीला इतिहास घ्यावा की पुरातत्त्व, हे तिचं ठरत नाही. माहितीपत्रकांतली आश्वासनं बाजूला ठेवून पाहू.

आधी रोजचं काम. इतिहासात मुख्य भर लिखित साधनांवर: पत्रं, हिशेबवह्या, न्यायनिवाडे, जनगणना. हे कोणी लिहिलं, कशासाठी लिहिलं आणि काय गाळलं, हे तपासून आपलं म्हणणं पुराव्यानिशी मांडायचं. वाचन भरपूर, आणि लेखन तर त्याहून कस पाहणारं. जुनी लिपी किंवा भाषाही शिकावी लागू शकते. पुरातत्त्वात पुरावा मातीत असतो: थर, खापरं, हाडं, बिया. रेडिओकार्बन पद्धतीने सुमारे ५०,००० वर्षांपर्यंतच्या सेंद्रिय अवशेषांचं वय काढता येतं. लेखनकला जेमतेम ५,००० वर्षांपूर्वीची, त्यामुळे एवढं मागे कागदपत्रं नेऊच शकत नाहीत.

खर्च आणि कष्ट? इतिहासाचं बरंचसं ग्रंथालयात भागतं. उत्खननाला प्रवास, मुक्काम आणि अंगमेहनत आलीच.

खरा फरक पुढच्या वाटेत. इतिहासाची पदवी एका ठरावीक नोकरीला बांधलेली नाही. कायदा, पत्रकारिता, अध्यापन, प्रशासन, अभिलेखागार, सगळीकडे जाता येतं. मात्र बहुतेक ठिकाणी वेगळं प्रशिक्षण लागतं, तेवढी वर्षं हिशेबात धरा. पुरातत्त्वाची वाट थेट, पण अरुंद: उत्खनन, संग्रहालय, वारसाजतन. तिथली कामं अनेकदा ठरावीक मुदतीचीच असतात.

लिहायला, युक्तिवाद करायला आवडतं आणि क्षेत्र अजून ठरलेलं नाही, अशांनी इतिहास घ्यावा. विज्ञानाची गोडी आहे, उन्हात राबायची तयारी आहे आणि हेच काम करायचं हे पक्कं आहे, त्यांनी पुरातत्त्व.