डंजन मेशी : श्रावणात उघडलं, शिमग्याला संपलं

पहिला खंड मी श्रावणात हातात घेतला, ही माझी चूक. आम्ही रत्नागिरीकडचे. वर्षभर मासळीवर जगतो आणि श्रावण कसाबसा वरणभात नि अळूच्या फतफत्यावर काढतो. त्यात भाच्याने हे पुस्तक आणून दिलं, "मावशी, तुला आवडेल, स्वयंपाकाचं आहे," म्हणाला. स्वयंपाकाचं आहे हे खरंच. फक्त पातेल्यात विंचू होता.

आज चौदाही खंड वाचून झालेत, त्यातले काही दोनदा. म्हणून आता लिहायला हरकत नाही. पहिल्या खंडानंतर लिहिलं असतं तर "गंमतशीर आहे, मुलांना द्या" असं लिहून मोकळी झाले असते आणि ते साफ चुकीचं ठरलं असतं.

रिओको कुइ या लेखिका-चित्रकर्तीची ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, 'हार्ता' नावाच्या जपानी नियतकालिकात २०१४ ते २०२३ अशी जवळपास दहा वर्षं चालली. ९७ प्रकरणं, १४ खंड. मी येन प्रेसची इंग्रजी आवृत्ती वाचली, तिचं नाव 'डिलिशस इन डंजन'. जपानीत मेशी म्हणजे शिजलेला भात आणि मेशी म्हणजेच जेवण. आपणही दुपारी "भात खाल्लास का?" विचारतो तेव्हा नुसत्या भाताची चौकशी करत नसतो, तसंच काहीसं. म्हणून मला जपानी नावच जवळचं वाटतं.

गोष्ट अशी. लायोस नावाच्या लढवय्याची टोळी जमिनीखालच्या चक्रव्यूहात, म्हणजे डंजनमध्ये, लाल ड्रॅगनशी लढते, तीही उपाशीपोटी, आणि हरते. त्याची बहीण फालिन ड्रॅगनच्या तोंडात सापडते, पण जाता जाता जादूने बाकीच्यांना बाहेर फेकून वाचवते. या चक्रव्यूहात मेलेल्याला परत जिवंत करता येतं, मात्र शरीर शिल्लक हवं. ड्रॅगनचं पचन मंद असतं, एवढीच आशा. म्हणजे इथलं घड्याळ चालतं ड्रॅगनच्या पोटात. लगेच परत खाली उतरायला हवं, पण शिध्याला पैसे नाहीत. मग लायोस म्हणतो, वाटेत राक्षसी प्राणी भेटतीलच, तेच खाऊ. त्याच्या आवाजात निरुपाय कमी आणि आनंद जास्त ऐकू येतो. माणसाला कित्येक वर्षांपासून हेच करून बघायचं होतं!

सोबत मार्सिल ही जादूगार, जी प्रत्येक ताटापुढे किंचाळते. चिलचक हा कुलपं नि सापळे उघडणारा, दिसायला पोरगा आणि वागायला युनियनचा सेक्रेटरी. वाटेत भेटतो तो सेन्शी, दाढीवाला बुटका खाणकरी वंशाचा, दहा वर्षं या चक्रव्यूहात राहून तिथलंच शिजवून खाणारा. त्याच्याकडे दुर्मिळ धातूची जुनी ढाल आहे आणि तिचं त्याने पातेलं केलंय. या एका गोष्टीवरून मी त्याच्या प्रेमात पडले.

विनोद कसा आहे हे सांगायला चिलखताचा प्रसंग घेते. अशा कथांत आपोआप चालणारी रिकामी चिलखतं असतातच. कुठलीतरी जादू, असं म्हणून सगळे पुढे जातात. लायोस मात्र लढता लढता विचार करत बसतो की सांधे कुठे जोडलेत, हे हलतं कशाने. शेवटी फोडून बघतो तर पत्र्याच्या आत चिकटलेला मऊ जीव, शिंपल्यातल्यासारखा. मग काय, तिसऱ्या उघडाव्यात तसं चिलखत उघडायचं, मांस सोडवायचं, काही परतायचं, काही भाजायचं, काहीचं सार. मी तिसऱ्यांचं सुकं करताना आता ओट्याशी एकटीच हसते. मँड्रेकचाही प्रसंग असाच. ही मुळी उपटताना किंचाळते आणि ऐकणारा मरतो, म्हणून सेन्शी किंचाळायच्या आत तिचं मुंडकं छाटतो. मार्सिल पोथीत वाचलेली लांबलचक पद्धत वापरायला जाते, तिची दुर्दशा होते, पण चवीत फरक पडतो. किंचाळून गेलेली मुळी कमी कडू लागते. आणि सेन्शी, एवढा जाणता आचारी, चक्क मान्य करतो की घाईत मी हे कधी बघितलंच नव्हतं.

पहिले तीन खंड हे असं चालतं. प्राणी, झटापट, पाककृती, साहित्याची यादी. कुणी म्हणेल साचा आहे, तर आहे. मीही दुसऱ्या खंडात थोडी कंटाळले होते.

इथून पुढे कथानक थोडं उघडं होईल, ज्यांना नको त्यांनी हा नि पुढचा परिच्छेद सोडा. चौथ्या खंडात ड्रॅगन मरतो. तोही कसा, तर लायोस आपला पाय त्याच्या जबड्यात जाऊ देतो आणि तेवढ्या वेळात गळ्याखालच्या नेमक्या जागी तलवार खुपसतो. मग त्याचं पोट उघडतात आणि आत बहिणीची फक्त हाडं सापडतात. त्यात लांडग्यासारख्या जनावरांची हाडंही मिसळलेली. मंडळी बसून हाडं निवडतात, हे माणसाचं, हे जनावराचं. तीन खंड आपण ज्या माणसाला हसलो, कारण त्याला प्राण्यांच्या शरीररचनेचं वेड, त्याच्यासमोर आता कुठलं हाड आपल्या बहिणीचं ते ओळखायची वेळ येते. चित्रं तशीच नेटकी, मांडणीही एखाद्या पाककृतीसारखीच क्रमवार. आणि हाडांवर चढवायला मांस हवं, तर तिथे आहे फक्त ड्रॅगनचं. हे इतक्या साळसूदपणे येतं की आपण काय वाचतोय हे मला चार पानं पुढे गेल्यावर कळलं. रात्रीचे साडेअकरा झाले होते, पुस्तक मिटून मी पाणी प्यायला उठले.

सेन्शीची जुनी गोष्ट तर त्याहून वाईट, म्हणजे चांगली. तरुणपणी तो सोबत्यांसह चक्रव्यूहात अडकला होता. एकेक जण गेला. शेवटच्या दिवसांत, एकजण परत आलेला नसताना, त्याच्यापुढे रश्शाचा वाडगा आला आणि सांगितलं की हा ग्रिफिनचा, म्हणजे अर्धा गरुड-अर्धा सिंह अशा प्राण्याचा. तो प्यायला म्हणून जगला. खरंच ग्रिफिन होता की परत न आलेला सोबती, हे विचारायचं धाडस त्याला आयुष्यात झालं नाही. आता ग्रिफिन हाती लागतो, टोळी तो शिजवते, सेन्शी चाखतो. चव वेगळी! मी तिथे हादरले. पुढे उलगडा होतो तो लायोसच्या त्याच प्राणीवेडामुळे, आणि शेवटी म्हातारा वाडगा हातात धरून रडतो. काय कळलं ते सांगत नाही. पण या मांगात विनोद वेगळा आणि काळोख वेगळा असा हिशेब मला मांडताच येत नाही. हे काय आहे आणि खाता येईल का, या एकाच प्रश्नावर आपण आधी हसतो आणि त्याच प्रश्नावर पुढे घास अडकतो.

मरण इथे स्वस्त आहे, तेही मुद्दाम. काब्रू नावाच्या तरुणाची टोळी पुन्हा पुन्हा मरते. मेलेल्यांना उचलून आणून पैसे घेणाऱ्यांचा तिथे धंदाच चालतो, आणि धंदा म्हटला की लबाडीही आली. हे वाचताना हसू येतं आणि मग जाणवतं की ज्या जागेत मेलेले परत येतात ती जागा कुणीतरी कशासाठी तरी बनवली असणार. ते कारण शेवटच्या खंडांत येतं आणि तेही भुकेशीच जाऊन भिडतं.

एक प्रसंग मी कितीदा वाचलाय कोण जाणे. शुरो नावाचा जुना सोबती लायोसला तोंडावर सांगतो की तू मला कधी आवडलाच नाहीस. दोघे गुद्द्यांवर येतात. पण शुरोने काळजीपोटी अन्न-झोप सोडलेली, आणि लायोस तीन वेळ जेवून नीट झोपून आलेला. कोण भारी पडणार ते उघड आहे. आमच्याकडे दुखवट्याच्या घरी शेजारीण आधी पिठलंभात घेऊन येते, मग रडायला बसते. मला तेच आठवलं.

आता तक्रारी. उत्तरार्धात माणसं फार वाढतात. एल्फांचं, म्हणजे लांब कानांच्या जादुई वंशाचं, पथक येतं, राजकारण येतं, नावं लक्षात राहत नाहीत. मी एका कागदावर लिहून तो पानांत ठेवला होता. शेवटच्या दोन खंडांत इतकं काही घडतं की पातेलं मागे पडतं, आणि मला सेन्शीची आठवण यायला लागली. इझुत्सुमी ही मांजरीच्या अंशाची मुलगी फार उशिरा येते. तिच्या जेवणाच्या नखऱ्यांना आणखी जागा हवी होती. प्रकरणांच्या मधल्या छोट्या विनोदी चौकटींतली अक्षरं बारीक आहेत. माझ्या वयाच्यांनी चश्मा जवळ ठेवावा, कारण कधीकधी सगळ्यात चांगला विनोद तिथेच असतो. उजवीकडून डावीकडे वाचायची सवय एका खंडात होते. मला नंतर दिवाळी अंक उलटा उघडायची खोड लागली होती.

'ट्रिगर' स्टुडिओने याचं ॲनिमे, म्हणजे ॲनिमेशन मालिका, केलंय, २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर २४ भाग आले. छान आहे, रस्सा उकळताना ऐकू येतो. तरी मी आधी कागदच सुचवेन. चिलखताचा आडवा छेद किंवा भांड्यातले थर बघत बसायला जो निवांतपणा लागतो, तो पडद्यावर मिळत नाही.

घ्यायचं तर एकदम चौदा घेऊ नका. पहिले चार घ्या, चौथा संपल्यावर स्वतःलाच कळेल. मी ऑनलाइन एकेक मागवत गेले आणि सहावा खंड मला दोनदा आला. परत करायचा खटाटोप कोण करणार, म्हणून जास्तीचा ऑफिसातल्या मैत्रिणीला दिला. मागचं-पुढचं काही माहीत नसताना तिने तो लोकलमध्ये वाचून टाकला. दुसऱ्या दिवशी डबा उघडायच्या आधीच माझ्या टेबलाशी येऊन उभी, "आधीचे पाच कधी देतेस?"