एसयू-टू: फुकटचा सॉल्व्हर आणि २४ अंशांचा कोपरा

एसयू-टू हे हवेच्या प्रवाहाची समीकरणं संगणकावर सोडवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे सॉल्व्हर. ते मी विकत घेतलेलं नाही, त्यामुळे ‘पैसे वसूल’ की नाही हे सांगता येणार नाही. पण पावणेतीन वर्षं, बऱ्याच रात्री आणि एक यूपीएस त्यापायी खर्ची पडलाय. तेव्हा परीक्षण लिहायचा हक्क कमावलाय असं समजते.

मी सांगलीजवळच्या एका अभियांत्रिकी कॉलेजात मेकॅनिकलला शिकवते आणि उरलेल्या वेळात पीएच.डी. करते. विषय असा: ध्वनीच्या अडीच-तीन पट वेगाने जाणाऱ्या हवेच्या वाटेत अचानक चढण आली की शॉक, म्हणजे दाबाची पातळ भिंतच, उभा राहतो. शॉकमागे दाब एकदम वाढतो. भिंतीलगतच्या बाउंडरी लेयरमधली हवा आधीच मंद, तिला तो दाब पेलवत नाही. ती भिंत सोडते, उलटी फिरते आणि कोपऱ्यात एक फुगा तयार होतो. सुपरसॉनिक विमानाच्या इंजिनाचं तोंड असो की क्षेपणास्त्राचं फ्लॅप, हा फुगा केवढा आणि कुठे सुरू होतो यावर पुढचं सगळं ठरतं.

हे संगणकावर सोडवायला सॉल्व्हर हवा. आमच्याकडे एका व्यावसायिक पॅकेजचं शिकवण्यापुरतं लायसन्स आहे, त्यात पेशींच्या (हवेच्या जागेचे जे बारीक तुकडे पाडतो त्यांच्या) संख्येला मर्यादा. पूर्ण लायसन्सचं कोटेशन मागवलं तेव्हा विभागप्रमुख सर ते वाचून काही बोलले नाहीत, नुसता चष्मा काढून ठेवला. म्हणून एसयू-टू.

नावाचा अर्थ स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी अनस्ट्रक्चर्ड. स्टॅनफर्डमध्ये हुआन अलोन्सो यांच्या गटात सुरुवात झाली, पहिली आवृत्ती २०१२ च्या जानेवारीत आली. आता डेल्फ्ट, मिलान, कायझर्सलाउटर्न इथले लोकही त्यात लिहितात. सी प्लस प्लसमधला मुक्त स्रोत कोड. मूळ हेतू आकार सुधारण्याचा: पंखाचा कुठला भाग किती हलवला तर ड्रॅग किती कमी होईल, हे अ‍ॅडजॉइंट पद्धतीने काढणं. त्यात तो खरंच तरबेज आहे म्हणतात, पण मी त्या दारातून आत गेलेच नाही.

इन्स्टॉल करणं सोपं. तयार फाईल उतरवून घ्या, चालवा. बटणं, खिडक्या, रंगीत मेनू यातलं काही नाही. एक मेशची (पेशींच्या जाळीची) फाईल, एक साधी मजकुराची कॉन्फिग फाईल, आणि टर्मिनलवर एक ओळ. मेश मी जीमेशमध्ये करते, तो एसयू-टूच्या स्वरूपात थेट लिहून देतो. चित्रं पॅराव्ह्यूमध्ये बघते. म्हणजे सगळा संसार फुकटातला. मशीन मात्र विकतचं: पुण्याहून आणलेलं सेकंडहँड वर्कस्टेशन, ८ कोअर, ६४ जीबी रॅम. आमचे प्रयोगशाळेतले मामा रोज कुलूप लावताना विचारतात, “मॅडम, ह्ये चालूच ठेवायचं न्हवं?”

सुरुवात वेजपासून, म्हणजे साध्या पाचरीपासून करा. मॅक २ (ध्वनीच्या दुप्पट वेग), कोन १० अंश, घर्षण नाही. हा सराव एसयू-टूसोबतच मिळतो. पुस्तकातल्या आलेखावरून शॉकचा कोन ३९.३ अंश येतो, दाब १.७१ पट होतो. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना हे मी एका प्रॅक्टिकलमध्ये करून दाखवते. मुलं पडद्यावर कोनमापक धरतात (खरोखर, प्लास्टिकचा), आणि उत्तर जुळलं की चेहरे बघण्यासारखे होतात. मग नासाच्या लँग्ली केंद्राने टर्ब्युलन्स मॉडेल (हवेतल्या भोवऱ्यांच्या खळबळीचा अंदाजी हिशेब) तपासण्यासाठी ठेवलेली सपाट पट्टी केली. मॅक ०.२, स्पॅलार्ट-अल्मारस मॉडेल. पट्टीच्या शेवटाजवळ घर्षण गुणांक ०.००२७ च्या आसपास यायला हवा, आला. इथवर सॉल्व्हरला पैकीच्या पैकी.

मग माझा कोपरा. प्रिन्स्टनला सेटल्स आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात २० सेंटीमीटर चौरस बोगद्यात ८, १६, २० आणि २४ अंशांच्या चढणींवर मोजमापं घेतली. २४ अंशांच्या प्रयोगात मॅक २.८४. आज पन्नासेक वर्षांनीही नवं टर्ब्युलन्स मॉडेल काढलं की याच आकड्यांवर घासून बघतात. त्या बोगद्यात हवा गोठवणारी थंड असते, म्हणून मॅक २.८४ म्हणजे सेकंदाला ५७० मीटरच. पण बाउंडरी लेयर दोन सेंटीमीटरांहून थोडा जाड, आणि रेनॉल्ड्स आकडा (चिकटपणाच्या मानाने हवेचं जडत्व किती ते सांगणारा) प्रचंड. भिंतीलगतची पहिली पेशी किती पातळ हवी याचा हिशेब केला तर साधारण २ मायक्रॉन आलं. केसाची जाडी याच्या तीसेक पट. तेव्हा तळाशी दोन मायक्रॉन आणि वर बोटभर, असा ताणत नेलेला १ लाख १५ हजार पेशींचा मेश.

पहिली चूक माझी. चढणीच्या आधी वीस सेंटीमीटरची पट्टी ठेवली आणि सोडून दिलं. सकाळी येऊन बघते तर रेसिड्युअल (दर फेरीला समीकरणांत उरणारी चूक) सहा ऑर्डर, म्हणजे दहा लाख पटींनी, खाली, आलेख कसा घसरगुंडीसारखा, फुगा मात्र चिमुकला. दोन दिवस खुशीत होते. मग गाईडना दाखवलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “कोपऱ्यापाशी बाउंडरी लेयर किती जाड आहे?” मोजला. तीन मिलिमीटरही नव्हता. प्रयोगातल्याइतका जाड थर तयार व्हायला दोन मीटरांहून लांब पट्टी लागते! सॉल्व्हरने मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अचूक दिलं होतं, प्रश्नच दुसऱ्याच कुठल्या तरी बोगद्याचा होता. हे कुठलंच सॉफ्टवेअर सांगत नाही, महागडंही नाही. पण एसयू-टू शेवटी इतक्या शांतपणे ‘एक्झिट सक्सेस’ छापतं, की माणूस फसतो.

लांब पट्टी घातल्यावर खरी गंमत सुरू झाली. मेश तोच, हवा तीच, सीमा त्याच, बदललं फक्त टर्ब्युलन्स मॉडेल. एसएसटी नावाच्या मॉडेलने फुगा प्रयोगापेक्षा मोठा दाखवला, शॉक प्रवाहाच्या उलट दिशेला बराच सरकवला. स्पॅलार्ट-अल्मारसचं उत्तर वेगळंच. दोन्हींचे रेसिड्युअल झकास उतरलेले. भिंतीवरच्या दाबाचे दोन आलेख प्रयोगाच्या ठिपक्यांवर टाकले तर ठिपके कुणाच्याच रेषेवर नीट बसेनात. विद्यार्थी म्हणाला, “मॅडम, मग सरासरी घेऊ.” (हा पुढे नक्की मोठ्या हुद्द्यावर जाणार.)

दोष सॉल्व्हरचा नाही, हे सांगायला हवं. अशी मॉडेलं प्रवाहाची काळावर सरासरी घेऊन चालतात. त्यांच्या लेखी शॉक म्हणजे जागेवर खिळलेली भिंत. खरा शॉक डोलतो. टर्ब्युलन्सचे भोवरे येऊन आदळतात तसा थरथरतो, आणि फुग्यासकट मागेपुढे सावकाश झुलतोही. शॉकच्या पातळ पट्टीत हवा एकदम दाबली जाते, ते दाबणं पाहून साधं मॉडेल समजतं की इथे टर्ब्युलन्स भरमसाट तयार होतोय. शॉकची थरथर प्रत्यक्षात ती वाढ रोखून धरते. आयआयटी मुंबईचे कृष्णेंदु सिन्हा यांनी महेश आणि कँडलर यांच्याबरोबर २००३ साली नेमकं हेच समीकरणात बसवलं: शॉकला लंब दिशेचा मॅक आकडा जितका मोठा, तितकी टर्ब्युलन्सच्या निर्मितीला कात्री. सुधारणा दोन ओळींत मावते. हे काम जगभर वापरतात, आणि आमच्या मुलांना ‘सीएफडी (संगणकावर प्रवाह सोडवणं) म्हणजे रंगीत चित्रं’ एवढंच ठाऊक असतं, याचं मला जरा वाईट वाटतं.

एसयू-टूला मी जास्तीचे गुण देते ते इथे. डबा उघडता येतो. एसएसटीचा स्रोत उघडला, टर्ब्युलन्स कुठे तयार होतो आणि कुठे मरतो त्या ओळी बोट ठेवून वाचल्या. एसएसटी हे दोन मॉडेलांचं मिश्रण असतं. भिंतीजवळ एक, लांब दुसरं, आणि मधे एक मिसळणी. ती मिसळणी सक्तीने १ केली, शिवाय ताणावरचा लिमिटर काढला, की उरतं ते जवळपास के-ओमेगा हे जुनं मॉडेल. सहा ओळींचा बदल, पुन्हा बिल्ड, चहा होईपर्यंत तयार. जुनं मॉडेल हवेला भिंतीला जरुरीपेक्षा जास्त वेळ चिकटवून धरतं असं वाचलं होतं. स्वतःच्या मशीनवर फुगा आकसताना पाहिला आणि ती ओळ एकदाची डोक्यात शिरली. शॉकच्या थरथरीची दुरुस्ती मात्र अर्धवट आहे. लंब दिशेचा मॅक आकडा प्रत्येक पेशीला कसा कळवायचा, यावर अनस्ट्रक्चर्ड मेशमध्ये घोडं अडलंय.

आता तक्रारी. पर्यायांची नावं आवृत्तीगणिक बदलतात. सहाव्या आवृत्तीसाठी लिहिलेली कॉन्फिग फाईल सातवीत टाकली की सुरू होण्याआधीच दम तोडते, फेऱ्यांची संख्या सांगणारा शब्दच वेगळा. ‘एसएसटी’ एवढंच न लिहिता १९९४ चं की २००३ चं तेही सांगितलेलं बरं, आणि जुन्या प्रबंधातले आकडे नेमके कुठल्याचे हे शोधत बसावं लागतं. मॅन्युअल म्हणाल तर शेकडो ओळींची एक नमुना कॉन्फिग फाईल, तीच गीता तीच पोथी. प्रत्येक पर्यायापाशी एका ओळीची टीप. काही टिपा इतक्या त्रोटक की लिहिणाऱ्याची बस चुकत असावी.

सीएफएलचं (एका फेरीत उत्तर किती मोठी उडी घेतं, तो आकडा) काय ते सांगते. आपोआप वाढवायची सोय आहे, ती वापरा, पण कमाल मर्यादा हावरटपणे ठेवू नका. मी ५० वर सुखात आहे, २०० ला तिसऱ्या मिनिटाला ‘नॅन’, म्हणजे उत्तराच्या जागी ‘हा आकडाच नाही’. पहिल्या काही हजार फेऱ्या पहिल्या दर्जाच्या अचूकतेने काढून मग दुसऱ्यावर जा.

आणि रीस्टार्ट फाईल वारंवार लिहायला लावा. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, ट्रान्सफॉर्मर गेला, यूपीएसने वीस मिनिटं तग धरला. मी फाईल लिहायचं अंतर ५०,००० फेऱ्यांचं ठेवलं होतं, डिस्क वाचवायला! अकरा तासांचं काम पाण्यात. मामा म्हणाले, “भाताला पण मधनं झाकण काढून बघत्यात, मॅडम.” आता दर ५०० फेऱ्यांना.

सहज म्हणून मॅक ६ ला गोल नळकांड्यापुढचा शॉक काढून बघितला. पेशींमधली देवाणघेवाण मोजायला रो ही पद्धत वापरली तर शॉकच्या मधोमध टोकदार फुगवटा उगवला. इंग्रजीत याला कार्बंकल म्हणतात, म्हणजे चक्क गळू. पद्धत बदलून ऑस्म घेतली, गळू बसलं. फार गरम हवेसाठी, जिथे रेणूच तुटायला लागतात, नेमो नावाचा वेगळा भाग आहे. तो मी वापरलेला नाही.

खरा, काळात डोलणारा शॉक हवा असेल तर या यंत्राचं ते काम नाही. वू आणि मार्टिन यांनी २००७ साली २४ अंशांचाच कोपरा मॉडेलाशिवाय, थेट गणिताने सोडवला. पण रेनॉल्ड्स आकडा प्रिन्स्टनपेक्षा कितीतरी कमी ठेवावा लागला, आणि तोही महासंगणकावर. माझ्या आठ कोअरवर तसलं स्वप्न बघू नये.

पाचपैकी चार. एक तारा कागदपत्रांपायी कापला. एम.टेक.च्या मुलांनी घ्यावंच, उद्या ग्राहकाला अहवाल द्यायचाय त्यांनी आधी वेज आणि पट्टी करून बघावी. मशीनवर आज २० अंशांचा कोपरा लावलाय, ३८,००० फेऱ्या झाल्यात, आणि फुगा अजून इंचभर मागेपुढे करतोय.