एमटीटी की एसआरबी? आवळ्यानं निकाल लावला

तोंडाच्या कॅन्सरच्या पेशींवर वनस्पतीचा अर्क तपासायला घेतला, डीपीपीएचची (अँटिऑक्सिडंट गुण मोजणारी चाचणी) रीडिंग्ज झकास आली, की पुढचा प्रश्न येतोच: पेशी मेल्या की जगल्या हे मोजायचं कशानं? त्यासाठी एमटीटी आणि एसआरबी अशा दोन रंगाच्या चाचण्या आहेत. माझ्याकडे आवळ्याचा मिथेनॉलमधला अर्क होता आणि दोन्ही करून झाल्यात, म्हणून लिहितोय.

एमटीटी १९८३ पासून रुळलेली. जिवंत पेशी या पिवळ्या रसायनाला जांभळं करतात, जांभळा जितका गडद तितक्या जास्त पेशी जगल्या असं धरायचं. बाटली लॅबमध्ये असतेच, सिनियर शिकवतात, परीक्षकही फार खोदून विचारत नाहीत. संध्याकाळच्या आत मोकळं होता येतं. माझा सिस्प्लॅटिनचा (कॅन्सरवरचं नेहमीचं औषध, तुलनेसाठी) कंट्रोल तिच्यावर अगदी नीट आला होता, हेही सांगायला हवं.

गोची अर्काशी झाली. डोस वाढवावा तशी जगलेल्या पेशींची टक्केवारीही वाढायची. सगळ्यात मोठ्या डोसला तर ती शंभराच्या वर! मायक्रोस्कोपखाली मात्र पेशी गोल होऊन, तळ सोडून तरंगत होत्या. दोन आठवडे मी पिपेटला शिव्या घातल्या. शेवटी पेशी न घालता नुसता मीडिया (पेशी वाढवायचं द्रावण), अर्क आणि एमटीटी अशी एक रांग लावली. तीही जांभळी झाली. एमटीटीचा रंग पालटतो क्षपणानं, म्हणजे इलेक्ट्रॉन मिळाल्यानं, आणि आवळ्यातली पॉलिफेनॉलं नेमकी तेच करतात. ज्या अँटिऑक्सिडंट गुणासाठी आवळा निवडला, तोच मला फसवत होता. अर्क काढून, पेशी बफरनं धुऊन मग एमटीटी घालायचा उपाय आहे. पण धुताना सैल पेशी निघून जायच्या आणि माझे आकडे रोज वेगळे यायचे. एखाद्याचा हात माझ्यापेक्षा हलका असेलही.

एसआरबी १९९० ची. तिचा गुलाबी रंग पेशींतल्या प्रथिनांना चिकटतो, क्षपणाशी त्याला देणंघेणं नाही. खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कॅन्सर संशोधन केंद्रात औषधांच्या चाचणीला हीच वापरतात. त्रास आहेच: पेशी तळाला पक्क्या करणारं टीसीए हे आम्ल जपून, कडेनं सोडावं लागतं, धुणंही बरंच, आणि नुकत्या मेलेल्या पण चिकटून राहिलेल्या पेशी जिवंतांत मोजल्या जातात. रक्ताच्या कॅन्सरच्या तरंगत्या पेशींना मी ती घेतली नसती. तोंडाच्या पेशी तळाला चिकटून वाढतात, त्यामुळे तिथं जमतं. शिवाय वाळलेली प्लेट सावकाश वाचता येते. आमच्याकडे रंग मोजणाऱ्या रीडर यंत्राला कायम रांग असायची, तेव्हा हे फार सोयीचं पडलं.

जाता जाता: केबी ही पेशींची लाइन तोंडाच्या कॅन्सरची म्हणून कोणी देऊ केली तर घेऊ नका, ती प्रत्यक्षात हेला, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लाइन आहे.

पॉलिफेनॉल कमी असलेला अर्क असेल तर एमटीटीनं भागेलही. पेशींविना एक रांग लावून बघा, अर्धा दिवस जाईल. परवा एक ज्युनियर त्रिफळा घेऊन आला. म्हणजे परत आवळाच, वर हिरडा आणि बेहडा. त्याला मी टीसीएची बाटली कुठे असते ते दाखवलं.