किट कारचं एअर इनटेक: उघडा फोम की बंद पेटी?

लोटस सेव्हन या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या घडणीची किट कार, म्हणजे सुटे भाग आणून घरी जोडायची गाडी, बांधताना थ्रॉटल बॉडी (प्रत्येक सिलिंडरला हवा सोडणाऱ्या झडपा) बसवून झाल्या की त्यांची चार ट्रम्पेट, म्हणजे हवा आत घेणारे कर्णे, आ वासून बसतात आणि त्यांच्यावर काय चढवायचं हे ठरवायची वेळ येते. मी इथे इंग्लंडात, मिडलँड्समधल्या आमच्या एका गाडीपुरत्या गॅरेजात, दोन लिटरच्या फोर्ड झेटेक इंजिनावर दोन्ही प्रकार लावून पाहिले. त्यामुळे जे सांगतोय ते वापरून आलेलं आहे, मोजून नाही.

प्रत्येक ट्रम्पेटवर घालायचे फोमचे मोजे मी बाजूलाच ठेवतो. स्वस्त आहेत, दहा मिनिटांत बसतात. पण ट्रम्पेटच्या तोंडापुढे निदान त्याच्या व्यासाइतकी मोकळी जागा असावी असा जुना ठोकताळा आहे, म्हणजे ४५ मिमीच्या बॉडीपुढे ४५ मिमी. मोज्याचा फोम जवळपास तोंडालाच टेकतो. शिवाय ट्रम्पेटमधून उलटं उडणारं पेट्रोल त्यात मुरतं, ते वेगळंच.

खरी निवड पुढच्या दोघांत आहे. एक म्हणजे बॅकप्लेटवर, म्हणजे ट्रम्पेटांमागच्या पत्र्यावर, बसणारा एकच मोठा फोम फिल्टर, जो बॉनेटच्या कुशीतल्या भोकातून बाहेर डोकावतो. दुसरी बंद पेटी, जिला गाडीच्या नाकाकडून डक्टने, म्हणजे जाड नळीने, हवा मिळते.

उघड्या फोमचं कौतुक मला मनापासून आहे. बसवायला सोपा, काढायला सोपा, आणि आवाज! पाय दाबला की चारही घसे एकदम मोकळे होतात. आयव्हीए तपासणीच्या (घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणण्याआधीची इथली सरकारी तपासणी) आधी मात्र बॅकप्लेटच्या कडा बोटाने चाचपून बघा. बाहेर आलेल्या भागाची धारदार कड तिथे चालत नाही, २.५ मिमीची गोलाई लागते. मी रबरी पट्टी चढवून भागवलं.

उघड्या फिल्टरवर सगळे एकच आक्षेप घेतात, तो गरम हवेचा. तो फिल्टर बॉनेटच्या आत कोंडलेला असेल तर खरा आहे. २० अंशांच्या जागी ५० अंशांची हवा ओढली तर ती साधारण ९ टक्के विरळ भरते. पण फिल्टर कुशीतून बाहेर असेल आणि गाडी चालती असेल, तर निदान मला तरी फरक जाणवला नाही. सिग्नलला उभं राहिल्यावर जाणवतो, पण सिग्नलला ताकद कोणाला हवी असते?

माझं घोडं अडलं ते पावसाशी. सेव्हनच्या पुढच्या चाकांवर छोटे सायकल विंग, म्हणजे सायकलसारखे मडगार्ड, असतात. चाकाने उडवलेलं पाणी त्यांच्या मागून थेट बॉनेटच्या कुशीवर, म्हणजे बरोब्बर फिल्टरवर बसतं. वेल्समधून परत येताना तासभर पाऊस लागला. हळू चालवताना सगळं ठीक, पण ट्रक ओलांडायला पाय दाबला की इंजिनाची घुसमट. कडेला थांबून फिल्टर काढला तर ओल्या फडक्यासारखा जड. पिळला, कपभर पाणी निघालं असेल. परत लावला, आणि वीसेक मैलांवर पुन्हा तेच.

गंमत अशी की अशा सिलिंडरगणिक वेगळ्या थ्रॉटल बॉडीवाल्या बहुतेक गाड्यांत, माझ्याही, ईसीयू (इंजिनाचा संगणक) फक्त थ्रॉटल किती उघडलाय आणि इंजिनाचे फेरे किती आहेत एवढंच बघतो. हवा कमी येतेय हे त्याला कळतच नाही, तो पेट्रोल ठरल्याप्रमाणे ओतत राहतो. घरी येऊन प्लग काढले तर चारही काळेकुट्ट. पावसाळ्यात चेतक आडवी करून प्लग पुसण्याचे पुण्यातले दिवस आठवले! धूळ धरायला फोमवर लावलेलं तेलही धुऊन गेलं होतं. वरून घालायची पाणी झटकणारी टोपी मिळते, तीही वापरली. शिंतोड्यांपुरती ती ठीक आहे, चाकाच्या फवाऱ्यापुढे नाही.

म्हणून पेटी. हिचा त्रास बसवण्यात आहे, आणि तो भरपूर आहे. आधी पुठ्ठ्याचा साचा करा, कात्री चालवायला लाज बाळगू नका. माझ्या तीन पेट्या पुठ्ठ्यातच वाया गेल्या. बॉनेट आणि पेटी यांत किती जागा उरते हे बघायला मी पेटीच्या माथ्यावर कणकेचे चार गोळे ठेवले, बॉनेट लावलं, काढलं. गोळे चेपून आठ मिमी राहिले. पुरेसे वाटले, पण जोर लावल्यावर इंजिन माउंटवर डोलतं हे मी विसरलो होतो, आणि बॉनेटच्या आतला रंग खरवडला गेला. पंधरा-वीस मिमी तरी सोडा. कणकेवरून घरात जे ऐकावं लागलं ते इथे सांगत नाही.

डक्ट ७६ मिमीचा घेतला, तोंड नाकात रेडिएटरच्या बाजूला, त्याच्या मागे नाही. पेटीच्या तळाला सर्वांत खालच्या जागी पाच मिमीचं भोक पाडलंय, चुकून आलेलं पाणी निघून जायला. पेटी लावल्यावर रोलिंग रोडवर (गाडी जागच्या जागी रोलरांवर चालवून) मॅप, म्हणजे ईसीयूतला पेट्रोलचा तक्ता, पुन्हा करून घ्यावाच लागतो, तो खर्च आधीच धरून ठेवा.

आवाज मात्र बसतो, ते नाकारत नाही. आयव्हीएतली ९९ डेसिबलची मर्यादा एक्झॉस्टपासून अर्ध्या मीटरवर मोजतात, तिथे इनटेकने फारसं बिघडत नाही. पण ट्रॅक डेला, म्हणजे रेस ट्रॅकवर आपली गाडी पळवायच्या दिवशी, धावत्या गाडीचा आवाज मोजतात तिथे उघडे घसे महागात पडू शकतात. पेटी लावल्यापासून मला कोणी ट्रॅकवरून बाहेर बोलावणारा काळा झेंडा दाखवलेला नाही.

तुमची गाडी फक्त कोरड्या रविवारी बाहेर पडत असेल तर उघडा फोमच घ्या, पैसे वाचतील आणि मजाही जास्त येईल. माझी वर्षभर चालते. जुना फोम अजून गॅरेजात खिळ्याला टांगलाय आणि त्याचा मॅपही लॅपटॉपवर जपून ठेवलाय. गेल्या जूनमध्ये एका शनिवारी तो लावायला काढलाही होता, पण बॅकप्लेटचा एक नट सापडेना.