लंघन की अनभ्यास? अल्पत्वाचे दोन प्रकार

लंघन म्हटलं की आपल्याला उपास आठवतो. रागसंगीतात मात्र त्याचा अर्थ ओलांडणं. रागात एखाद्या स्वराला कमी स्थान असतं, ते अल्पत्व, आणि ते दोन तऱ्हांनी येतं.

बिहाग रागात दोन्ही एकत्र सापडतात. आरोह, म्हणजे स्वरांची चढण: नि सा ग म प नि सां. रिषभ (रे) आणि धैवत (ध) चक्क ओलांडलेत, हे लंघन. ते शिकवायला सोपं: चढताना तो स्वर घ्यायचाच नाही.

खरी कसोटी अनभ्यासाची. अभ्यास म्हणजे इथे रियाझ नव्हे, पुन्हा पुन्हा घेणं. ते टाळायचं, तो अनभ्यास. अवरोहात, म्हणजे उतरताना, धैवत येतो, पण निषादावरून (नि) पंचमाकडे (प) मींडेत, म्हणजे स्वर न तोडता घसरत जाताना, ओझरता. तसाच ‘ग म ग, रे सा’मधला रिषभ. त्यावर थांबायचं नाही, घोळवायचं तर नाहीच. धैवतावर जरा रेंगाळलात की बिलावल हा दुसरा राग डोकावलाच.

लंघन चुकलं तर लगेच खटकतं. अनभ्यास चुकला तर स्वर नियमातलेच असतात, तरी बिहाग हातातून निसटतो. म्हणून मला दुसराच जास्त अवघड वाटतो. आणि हो, अल्पत्व म्हणजे स्वर अख्ख्या रागातूनच वर्ज्य असणं नव्हे. भूप रागात मध्यम (म) आणि निषाद मुळातच नाहीत, तिथे हा प्रश्नच येत नाही.