मोटरचं ट्रेनर की ग्लायडर? वावरात उडवायला पहिलं विमान घेताना

हिंगणघाट तालुक्यात माझं पंपाच्या मोटरी भरायचं दुकान आहे. भिंतीवर रिमोटची दोन विमानं टांगलेली असतात. मोटर न्यायला आलेला माणूस त्यांच्याकडे बघत राहतो आणि मग विचारतो, "भाऊ, पहिलं घ्यायचं तर यातलं कोणतं?"

एक आहे सव्वा मीटर पंखाचं ट्रेनर, म्हणजे शिकाऊ माणसासाठीचं विमान. पंख वरच्या बाजूला, खाली तीन चाकं, नाकावर पंखा, आणि उतरेपर्यंत मोटर चालूच. दुसरं दोन मीटर पंखाचं इलेक्ट्रिक ग्लायडर. त्याला चाकं नाहीत. मोटर फक्त उंची गाठायला लागते, मग पंख्याची पाती मिटतात आणि विमान हवेवर तरंगतं. दोन्ही फोमची, दोन्हींना तोच सहा चॅनेलचा, म्हणजे सहा वेगवेगळे इशारे पाठवणारा, रिमोट चालतो. माझं मत आधीच सांगतो: कपाशी-तुरीच्या वावरात उडवायचं असेल तर ग्लायडर घ्या. दोन बाबतींत मात्र ट्रेनरच बरं, ते पुढे सांगतो.

पहिल्यांदा ट्रेनरच घ्या, असा सल्ला सगळीकडे ऐकायला मिळतो. तो चुकीचा नाही, पण तो ज्यांच्याकडे कापलेल्या गवताचं किंवा डांबराचं सपाट मैदान आहे त्यांच्यासाठी आहे. आपल्याकडे जून ते जानेवारी वावरात कपाशी उभी असते, फरदड ठेवली तर मार्चपर्यंत. सोयाबीन निघालं की ऑक्टोबरात थोडी जागा मोकळी होते, तिथे लगेच हरभरा पडतो. उरतं ते गावाबाहेरचं आखर आणि पडीत, तिथे ढोरांच्या खुरांचे खड्डे. पऱ्हाटी उपटल्यावर उन्हाळ्यात वावर मोकळं होतं खरं, पण काळ्या मातीला तोवर भेगा पडलेल्या असतात. ट्रेनरचं पुढचं चाक अशा भेगेत अडकलं की विमान नाकावर पडतं, पंखा तुटतो आणि चाकाची पट्टी फोमचा तुकडा घेऊन उपटून येते. माझ्या ट्रेनरला हे इतक्यांदा झालं की शेवटी मी चाकं काढूनच टाकली. आता ते हातानं फेकतो आणि पोटावर उतरवतो. ग्लायडर मुळातच पोटावर उतरायला केलेलं असतं. कुटारावर ते सरकत जाऊन थांबतं. फक्त उभ्या पऱ्हाटीत उतरवू नका, दोन मीटरचा पंख खुंटांत अडकून फिरतो आणि शेपटी मोडते.

आता हवेचं बघू, कारण खरा फरक तिथेच आहे. उघडी काळी माती ऊन भरपूर शोषते. शेजारी ओलिताचा गहू किंवा संत्र्याची बाग असेल तर तिथली हवा थंड राहते आणि नांगरलेल्या वावरावरची तापून वर सुटते. ही वर जाणारी हवा म्हणजे थर्मल. घार पंख न हलवता घिरट्या घालत चढते ती याच्याच जोरावर. फेब्रुवारीत सकाळी दहाच्या सुमारास ग्लायडर सोडा, मोटर तीसेक सेकंद चालवा, बंद करा आणि सरळ जाऊ द्या. मध्येच एका पंखाचं टोक अलगद उचललं जातं. ज्या बाजूचं उचललं, त्याच बाजूला थर्मल असतो. तिकडेच वळायचं आणि गोल धरायचा. पहिल्यांदा मोटर बंद असताना विमान चढताना दिसलं, तेव्हा माझे हात थरथरत होते. थर्मल मिळाला नाही तरी एका चढाईवर चार-पाच मिनिटं मिळतात, आणि एकाच बॅटरीत अशा कितीतरी चढाया होतात. ट्रेनर एका बॅटरीवर आठ-दहा मिनिटं चालतं आणि खाली येतं.

पण याच हवेनं माझं पहिलं ग्लायडर घेतलं. मे महिना, दुपारचे साडेअकरा. मोटर बंद असूनही विमान चढतच गेलं, ठिपक्याएवढं दिसायला लागलं. घाबरून मी नाक खाली दाबलं. वेग वाढला, पंखांची टोकं फडफडायला लागली आणि उजवा पंख मुळातून मिटला. नाक ढेकळात रुतलेलं सापडलं, पंखातली कार्बनची नळी शाबूत आणि तिच्याभोवतीचा फोम फाटलेला. तेव्हापासून रिमोटवर एक बटण असं लावलंय की दोन्ही एलेरॉन, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, एकदम वर उचलले जातात. मग तरंगणं कमी होतं आणि वेग न वाढवता खाली येता येतं. रिमोटमधली ही जोडणी, म्हणजे मिक्स, पहिल्याच दिवशी लावून घ्या. त्यासाठी दोन्ही एलेरॉनचे सर्वो (पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) रिसीव्हरमध्ये (रिमोटचे इशारे पकडणाऱ्या विमानातल्या यंत्रात) वेगवेगळ्या चॅनेलवर हवेत. मे महिन्यात सकाळी नऊच्या आत घरी परतायचं. ट्रेनरला ही भीती नाही, ते मुद्दाम नेल्याशिवाय इतकं वर जातच नाही.

शिकायला सोपं कोणतं? ग्लायडर हळू उडतं, चूक सुधारायला वेळ देतं. मात्र उतरताना ते लवकर खाली बसत नाही. धुऱ्याच्या अलीकडे टेकेल असं वाटतं आणि ते धुरा ओलांडून शेजाऱ्याच्या वावरात जातं. ट्रेनर छोट्या जागेत उतरतं. त्यामुळे तुमच्याकडे चारही बाजूंनी झाडं किंवा तारा असलेली लहानच जागा असेल, तर ट्रेनर घ्या. ही पहिली बाब. दुसरी म्हणजे घरातलं पोरगं. त्याला पलट्या मारायच्या असतील, तर त्याच्या हाती ग्लायडर देऊन उपयोग नाही. पोरगं थर्मलची वाट बघत बसणार नाही.

बॅटरी दोन्हींत लायपो (लिथियम पॉलिमर) जातीचीच, बहुतेक वेळा तीन सेलची. पूर्ण चार्ज असताना सेलमागे ४.२ व्होल्ट, आणि ३ च्या खाली कधीच नाही. वापरायची नसेल तेव्हा ३.८ च्या आसपास ठेवायची. आपल्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो आणि उन्हातली गाडीची डिक्की त्याहून कितीतरी जास्त तापते. तिथे विसरलेली बॅटरी फुगते, आणि फुगलेली पुन्हा लावायची नाही. मी ओल्या पंच्यात गुंडाळलेल्या डब्यात नेतो आणि चार्जिंग अंगणात, वाळू घातलेल्या मातीच्या कुंडीत, डोळ्यांसमोर करतो. ग्लायडरला अख्ख्या सकाळसाठी एक बॅटरी पुरते, ट्रेनरला तीन-चार लागतात. लाईट रात्रीचीच येणाऱ्या आठवड्यात हा फरक फार जाणवतो.

दुरुस्ती दोन्हींत सारखीच आहे. पाच मिनिटांचं इपॉक्सी, हॉट ग्लू, फायबरची चिकटपट्टी, जास्तीचे दोन सर्वो. साधा सुपरग्लू थर्मोकोलला खातो, तिथे लावू नका. ग्लायडरच्या दोन गोष्टी मात्र नाजूक. पाती मिटायची तर ईएससीचा, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटचा, ब्रेक चालू असावा लागतो, नाहीतर मोटर बंद केल्यावरही ती वाऱ्यानं फिरत राहतात आणि तरंगणंच कमी होतं. आणि टिनाच्या छपराखाली उन्हाळाभर टांगलं तर लांब पंखाला पीळ बसतो. एक पंख डोळ्यासमोर आडवा धरून टोकाकडून बघा, दोन मिलिमीटरचा पीळही दिसतो. माझी विमानं उन्हाळ्यात धान्याच्या खोलीत दोरीनं टांगलेली असतात. खाली ठेवलं तर उंदीर फोम कुरतडतात.

मोटारसायकलवरून नेताना ट्रेनर पाठीला बांधता येतं. ग्लायडर घेताना दोन तुकड्यांत निघणारा पंखच बघून घ्या.

नियमांचंही एक ध्यानात ठेवा. अडीचशे ग्रॅम ते दोन किलोपर्यंतचं मानवरहित विमान हौसेखातर उडवायला पायलटचा परवाना लागत नाही, पण उंचीची आणि जागेची मर्यादा आहे. ग्रीन झोनमध्ये, म्हणजे आधी परवानगी न लागणाऱ्या भागात, १२० मीटर, विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ६०. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी वेबसाइटच्या नकाशावर आपलं वावर आधी बघून घ्या. नागपूर, बेलोरा (अमरावती), शिवणी (अकोला), बिरसी (गोंदिया) यांपैकी विमानतळ जवळ असेल तर आणखी जपून, आणि पुलगावच्या दारूगोळा डेपोच्या आसपास तर उडवूच नका. ग्लायडरवाल्याला १२० मीटर पाळणं कठीण जातं, कारण हवा आणखी वर ओढते. मी विमानात उंची सांगणारं छोटं यंत्र बसवलंय. रिमोट शंभर मीटरवर टी टी वाजायला लागला की दोन्ही एलेरॉन वर.